जुना ट्रक, पासिंग आणि सवलत

प्रश्न : आमच्याकडे चाळीस वर्षांहून जुना मालवाहू ट्रक आहे. इंजिनचं काम केलंय, रंगही नवा आहे. एवढ्या जुन्या गाडीला पासिंग लागतच नाही, असं एका मित्राने ठामपणे सांगितलं. अधूनमधून ओळखीच्यांचा माल पोचवायला आम्ही तो बाहेर काढतो. खरंच सूट आहे का?

उत्तर : तुम्ही कुठल्या देशातून लिहिलंत ते पत्रात नाही, म्हणून जे बहुतेक सगळीकडे सारखं आहे ते आधी सांगतो. तुमच्या पत्रातल्या ‘माल पोचवायला’ या शब्दांपाशीच सवलतीचा प्रश्न जवळजवळ निकाली निघतो. जुन्या गाड्यांना जिथे जिथे सूट आहे, तिथे ती जपून ठेवलेल्या, कधीमधी रस्त्यावर येणाऱ्या गाडीसाठी आहे. ओझं घेऊन कमाई करणाऱ्या ट्रकचं वय वाढलं की तपासणी उलट लवकर-लवकर येते.

भारताचंच घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे फिटनेसचा दाखला नसलेल्या व्यावसायिक वाहनाची नोंदणीच वैध धरली जात नाही. ट्रक आठ वर्षांचा होईपर्यंत हा दाखला दोन-दोन वर्षांसाठी मिळतो, त्यानंतर दरवर्षी. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, तेव्हा कित्येक ट्रकमालकांच्या आशा पालवल्या. पण ती नोंदणी पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि माणसं नेणाऱ्या खासगी चारचाकींसाठी आहे. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही.

तुमच्या मित्राच्या कानावर बहुधा ब्रिटनचा नियम आला असावा. तिथे मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या आणि मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक चाचणी माफ आहे. मात्र धंद्यात चालणारा साडेतीन टनांवरचा ट्रक त्या माफीत येत नाही. १९६० पूर्वी बनलेल्या मालवाहू गाड्यांसाठी तिथे आणखी एक सवलत आहे, पण गाडी रिकामी चालली तरच. हौद्यात माल चढला की सवलत उतरली! युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशात ऐतिहासिक गाडी ठरायला किमान तीस वर्षं वय लागतं, तसं मॉडेल आता बनत नसावं लागतं आणि गाडी मूळ रूपात जपलेली असावी लागते. बाकी अवजड ट्रकना पहिल्या वर्षापासून दरवर्षी तपासणी आहेच.

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धंद्यासाठी जाणाऱ्या, ४,५३६ किलो किंवा त्याहून जास्त क्षमतेच्या ट्रकला बारा महिन्यांतून एकदा तपासणी करावीच लागते. त्यात वयाची सूट नाही. तिथले वाचक हमखास विचारतात की २००० पूर्वीच्या इंजिनला सगळं माफ आहे ना? ती सूट चालकाच्या ड्यूटीचे तास नोंदवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रापुरती आहे. ब्रेकशी तिचा काडीचा संबंध नाही. टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून सुरक्षा तपासणी बंद केली तीही खासगी गाड्यांची, धंद्यातल्या गाड्यांची चालूच आहे.

आता तुमच्या ट्रकबद्दल. माझी सगळी नोकरी ट्रकच्या पोटाखाली, खड्ड्यात उभं राहून झाली, त्यामुळे नव्या रंगाचं मला कौतुक वाटत नाही, धास्ती वाटते. चेसिसच्या पट्टीवर, विशेषतः पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे रिव्हेटने बसवलेले असतात तिथे, बारीक हातोडीने ठोकून बघा. चांगलं लोखंड खणखणतं. गंजाने आतून पोखरलेलं लोखंड बद्द वाजतं, आणि रंगाखालून पापुद्रे सुटून हातात येतात. एकदा असाच झळझळीत रंगवलेला ट्रक आला होता. मागच्या हँगरजवळचा रंग खरवडल्यावर रिव्हेटच्या भोकापासून पट्टीच्या कडेपर्यंत गेलेली चीर दिसली. वरून तिथे पुट्टी भरली होती. मालकाला त्याचा पत्ता नव्हता, त्याने गाडी तशीच विकत घेतली होती.

प्रश्न : आमच्या ट्रकला एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, स्लॅक अॅडजस्टरही (एअर ब्रेकची ढील काढणारे लिव्हर) हाताने फिरवायचे आहेत. एवढ्यावरून गाडी नापास करतील का?

उत्तर : नाही. ही सूट मात्र खरी आहे आणि ती मागून घ्यावी. सर्वसाधारणपणे गाडी बनली त्या वर्षीच्या नियमांवरच तिची तपासणी होते. अमेरिकेत एअर ब्रेकच्या ट्रकना एबीएस १ मार्च १९९८ पासून सक्तीचं झालं आणि आपोआप जुळणारे अॅडजस्टर ऑक्टोबर १९९४ पासून. त्याआधीच्या गाडीला ते बसवा असं कोणी सांगू शकत नाही. मूळ कागदांवर बनावटीचा महिना-वर्ष असेल तर ते सोबत ठेवा. तपासणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा तो कागद पुढे करणं सोपं.

पण हाताने जुळवायचे अॅडजस्टर म्हणजे जुळवायची जबाबदारीही हाताचीच. ड्रमला घासणारा लायनर झिजत जातो तसा हवेच्या चेंबरचा पुशरॉड, म्हणजे ब्रेक लावणारा दांडा, दरवेळी थोडा जास्त बाहेर येतो. पेडल पायाला ठीकच लागतं, म्हणून चालकाला काही कळत नाही. मग भरलेली गाडी लांब उतारावर लागते, ड्रम तापून फुगतो, रॉडला आणखी बाहेर यावं लागतं आणि त्याची धाव संपलेली असते. तिथे ब्रेक जातो.

हे घरी बघता येतं. सपाट जागी चाकांना ओट (गाडी घरंगळू नये म्हणून ठोकळे) लावा, पार्किंग ब्रेक सोडा, हवेच्या टाकीत ९० ते १०० पीएसआय हवा ठेवून इंजिन बंद करा. एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली जाऊन रॉड किती बाहेर आला ते मोजायचं. रॉडवर चेंबरच्या तोंडाशी आधी खडूची खूण केली की मोजणं सोपं जातं. नेहमीच्या टाइप ३० चेंबरला दोन इंच ही हद्द आहे. एकाच अॅक्सलवर डाव्या-उजव्या चाकात फरक दिसला, तर हद्दीच्या आत असला तरी जुळवून घ्या, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

प्रश्न : टायर जुने आहेत, पण फारसे चाललेले नाहीत. खाचा खोल आहेत. बदलायची गरज आहे का?

उत्तर : पुढचे असतील तर बदला, खाचा कितीही खोल असोत. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये ए-३ रस्त्यावर एका बसचा पुढचा टायर फुटला आणि तीन माणसं गेली. तो टायर १९ वर्षांचा होता. तिथे फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचा टायर चालत नाही. बिगरव्यावसायिक जुन्या गाड्यांना त्यातूनही सूट आहे, पण तुम्ही ती घेऊ नका. मला हे अगदी कळकळीने सांगायचं आहे.

टायरचं वय त्याच्या अंगावरच असतं. कडेला ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा, तिचे शेवटचे चार आकडे वाचा. ३२१४ म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० पूर्वीचा आहे. ओळ सापडली नाही तर टायरची आतली बाजूही बघा, पुष्कळदा पूर्ण आकडा एकाच बाजूला छापलेला असतो. स्टेपनी विसरू नका. अडचणीच्या वेळी तीच पुढे चढते, आणि ट्रकमधला सगळ्यात जुना टायर बहुतेक वेळा तोच निघतो.