जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकी ४५ वर्षांपर्यंत का खेळत राहिला? त्यानं आधीच थांबायला हवं होतं का?

तुमच्या प्रश्नाचा रोख असा दिसतो की शेवटची काही वर्षं रेटून त्यानं स्वतःची शान घालवली. मला हे मुळीच पटत नाही. सिॲटलमध्ये नोकरीला असताना मी त्याला मैदानात बसून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आकडे तुमच्या बाजूनं आहेत, हे मान्य. जपानमधल्या आपल्या लीगमध्ये सलग सात वर्षं फलंदाजीत पहिला आलेला हा माणूस २००१ मध्ये २७व्या वर्षी अमेरिकेतल्या सिॲटल मरिनर्स संघाकडे आला. त्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही किताब त्यानं घेतले. तिथपासून सलग दहा हंगाम २००च्या वर हिट्स (चेंडू मारून आउट न होता बेस, म्हणजे धावण्याचा टप्पा, गाठणं). २००४ मध्ये तर २६२. जॉर्ज सिसलरचा एका हंगामात २५७ हिट्सचा विक्रम १९२०पासून टिकून होता, तो मोडला. आणि २०१८ मध्ये? १५ सामने, ९ हिट्स.

पण हे हिट्स तो मिळवायचा कसे, ते बघा. आधी उजव्या हातात बॅट उभी धरून पिचरकडे (चेंडू टाकणाऱ्याकडे) रोखायची, डाव्या हातानं खांद्यावरची बाही किंचित ओढायची. मग चेंडू बॅटला लागतो न लागतो तोच अंग पहिल्या बेसकडे निघालेलं! क्रिकेटच्या भाषेत बोलायचं तर षटकारांपेक्षा चोरटी धाव ही त्याची खासियत. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) चेंडू उचलून फेकेपर्यंत हा पोचलेला असायचा. बेसबॉलमध्ये चेंडू मैदानात मारला की पळावंच लागतं, त्यामुळे सगळा हिशेब अर्ध्या पावलाचा. वय झालं की आधी जातं ते हेच अर्धं पाऊल. त्याला हे कळत नव्हतं असं कसं म्हणणार?

मे २०१८ मध्ये त्याला खेळाडूंच्या यादीतून काढून संघाचा सल्लागार केलं. त्या हंगामात पुन्हा खेळायला मिळणार नव्हतं. तरी सामन्याआधी तो संघाबरोबर रोजचा सराव करत राहिला. वयाच्या ४४व्या वर्षी, नावावर ३०००हून जास्त हिट्स असताना! मला त्याच्या सगळ्या विक्रमांपेक्षा हे मोठं वाटतं. निवृत्तीच्या पत्रकार परिषदेत त्यानं स्वतःही अभिमानाची गोष्ट म्हणून याच दिवसांचा उल्लेख केला.

शेवटचा सामना २१ मार्च २०१९, टोकियो डोम, समोर ओकलंड. आठव्या डावात त्यानं शॉर्टस्टॉपकडे जमिनीलगत चेंडू मारला आणि जीव खाऊन पळाला. थोडक्यात आउट. एके काळी असल्या चेंडूवर तो आरामात पोचला असता. मग तो नेहमीसारखा राइट फील्डला (मैदानाच्या उजव्या बाजूला क्षेत्ररक्षणासाठी) जाऊन उभा राहिला, आणि तिथून त्याला परत बोलावलं. सगळे सहकारी वाट बघत थांबलेले. त्याच दिवशी सिॲटलकडून पहिला सामना खेळणारा जपानी पिचर युसेई किकुची त्याच्या मिठीत ढसाढसा रडला.

सामना नेहमीच्या ९ऐवजी १२ डावांपर्यंत लांबला, सिॲटल ५-४नं जिंकलं, तरी लोक खुर्च्या सोडेनात. शेवटी तो पुन्हा बाहेर आला आणि हात उंचावत मैदानभर फिरला. आज रात्रीचं हे पाहिल्यावर खंत वाटायचं कारणच नाही, असं तो नंतर पत्रकारांना म्हणाला.