तळं नितळ, पण मासे कुठे गेले?

प्रश्न : स्वीडन-नॉर्वेत कारखाने कमी, तरी आम्लपावसाने तिथल्या तळ्यांतले मासे का मेले? चुना टाकून उपयोग होतो का?

उत्तर : धूर बराचसा बाहेरचा, ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या दगडी कोळशाचा. त्यातल्या सल्फर डायऑक्साइडचं हवेत सल्फ्युरिक आम्ल झालं आणि ते शेकडो किलोमीटरवर बरसलं. स्वच्छ पावसाचाही पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) सुमारे ५.६ असतो, ४.६ म्हणजे दहापट आम्ल. तिथला खडक ग्रॅनाइटसारखा, आम्ल मारायला चुनखडी नाही. मग मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळून तळ्यात येतं, कल्ल्यांवर साचतं, मासा गुदमरतो. वसंतात बर्फ वितळताना साठलेलं आम्ल एकदम उतरतं, ते आणखी वाईट. उपाय म्हणून चुनखडीची पूड (कळीचा चुना नव्हे, त्याने पीएच झटकन चढतो) होडीतून किंवा हेलिकॉप्टरने टाकतात. तळ्यातलं पाणी बदललं की पुन्हा टाकावी लागते.