पत्ता विचारू नकोस, वेळ विचार

प्रिय भाचीबाई,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. "मामा, पुण्यातली खाण्याची दहा ठिकाणं सांग, दिवाळीपर्यंत उरकून टाकते." त्या 'उरकून टाकते'पाशी मी दोनदा थांबलो. धुणं उरकतात, भांडी उरकतात. मिसळ कुठे उरकतात? जन्म कोथरूडचा, नोकरी हिंजवडीची, बँकॉकचा रात्रबाजार पाहून आलीस. पण मंडईपासून फडके हौदापर्यंत पायी गेली नाहीस, हे तूच मागे एकदा कबूल केलं होतंस. तेव्हा दहा ठिकाणांची यादी मिळणार नाही. रागावू नकोस, पुढे वाच.

मी एकतीस वर्षं औषधकंपनीचा एम. आर. होतो, म्हणजे डॉक्टरांकडे कंपनीची औषधं घेऊन फिरणारा, हे तुला ठाऊक आहे. त्या नोकरीत पुणे मला कसं दिसलं, ते मात्र कधी सांगितलं नाही. पेठेतल्या डॉक्टरांचे दवाखाने दुपारी एकला बंद व्हायचे ते पाचला उघडायचे. मधले चार तास मी, माझी चेतक स्कूटर आणि नमुन्यांनी भरलेली काळी बॅग. घरी जाऊन परत यायचं तर पेट्रोल परवडायचं नाही. मग खायचं आणि हिंडायचं. पहिल्या दोन-तीन वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. पुण्यात पत्ता कोणीही सांगतं, हवं असो वा नसो. सांगत नाहीत ती वेळ. आणि इथलं खाणं सगळं वेळेवर चालतं.

चितळ्यांच्या मिठाईच्या दुकानाचंच घे. एक ते चार दुकान बंद, यावर जगानं विनोद केले. दुधासाठी भल्या पहाटे उघडणारं दुकान दुपारी पाठ टेकणारच, एवढं साधं गणित कोणी मांडलं नाही. पुढे त्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तर त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली! दुकान उघडं असण्याची बातमी होणारं गाव आहे आपलं, हे लक्षात ठेवून बाहेर पड.

सुरुवात सकाळी कर. मिसळ सकाळचीच. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळाजवळ बेडेकरांकडे जा, पण रविवारी नको. रविवारी तुझ्या मागे उभा असलेला माणूस तुझ्या घासाकडे बघत असतो. कामाच्या दिवशी नऊच्या सुमाराला जा, जिना उतरून धावत आलेले आणि साडेनऊची कचेरी गाठायची असलेले लोक दिसतील. तिथली मिसळ किंचित गोडसर, सोबत पावाऐवजी स्लाइस. कोल्हापूरकडचा माणूस पहिल्या घासाला नाक मुरडतो, "ही काय मिसळ?" त्याला नाक मुरडू दे. तू जीभ मोकळी ठेव. हा गोडा मसाला आणि गुळाचा खडा पडणाऱ्या घरांचा रस्सा आहे, त्याला त्या घरांच्या मापानं खायचं. मग दुसऱ्या आठवड्यात फडके हौदापाशी वैद्यांकडे जा. तिथला रस्सा हिरवा. तिखटपणा आलं-मिरचीचा, लाल तर्रीचा पत्ता नाही. तिसऱ्या आठवड्यात कर्वे रस्त्यावर काटाकिर्र. तिथे कांदा-लसणाचं झणझणीत राज्य. या तिन्हींत 'सर्वात भारी कोणती' यावर तुझ्या ऑफिसात भांडणं होतात, म्हणालीस. होऊ देत. ते तीन वेगळे पदार्थ आहेत, नाव तेवढं एक. आणि रस्सा संपला तर 'सॅम्पल' (म्हणजे वरचा रस्सा) माग, 'एक्स्ट्रा ग्रेव्ही' म्हणालीस तर मी तुला ओळखत नाही.

मिसळ फोनवरून मागवतेस ना, त्याबद्दल एकच सांगतो. फरसाण रश्श्यात पडल्यापासून तीन-चार मिनिटं त्याचं आयुष्य. वेगळ्या पुडीत बांधून दिलं तरी मटकी डब्यात वाफेनं बसते, रस्सा कोमट होतो, कांदा रडका होतो. चाळीस मिनिटांनी दारात येते ती मिसळीची आठवण.

चहाचंही असंच. अमृततुल्य म्हणजे आपल्याला अगदी पेठेतलं वाटतं, पण ही दुकानं बहुतेक राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी थाटली. पितळी पातेलं, कुटलेलं आलं, वेलदोडा, आणि पाटीवर कुठल्यातरी देवाचं नाव. सकाळी सातला जा. त्या वेळी पातेलं घासूनपुसून नवं असतं आणि मालकाचं लक्ष चहाकडे असतं, अकरानंतर गल्ल्याकडे.

आता खानावळ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझ्या पिढीला थाळी म्हणजे समारंभ वाटतो. टिळक रस्त्यावरची बादशाही १९३२ पासून आहे. लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाउस १९३५ चं. ते सुरू करणारे नानासाहेब सरपोतदार मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक होते, त्यामुळे तिथे नाटक-सिनेमावाल्यांची ऊठबस राहिली. अशा ठिकाणी रविवारी लोक घरच्यांना घेऊन जातात, गोड असतं, गर्दी असते. तू मंगळवारी जा, साडेबाराला. एकट्यानं येऊन, कोणाशी न बोलता, पंधरा मिनिटांत जेवून उठणारी माणसं बघ. खानावळ त्यांच्यासाठी जन्माला आली. खोली घेऊन राहणारे, गावाकडून शिकायला आलेले, बायको माहेरी गेलेले. रविवारची बासुंदी कोणालाही जमते. मंगळवारची दुधी भोपळ्याची भाजी आणि आमटी जमली असेल, तर स्वयंपाकघर खरं. आमटी आधी नुसती चाख, भात कालवायच्या आधी. वाढप्याला "आज काय चांगलं झालंय?" असं विचारायच्या भानगडीत पडू नकोस. पुण्यात याचं एकच उत्तर आहे, "सगळंच चांगलं असतं." त्यापेक्षा शेजारच्या पानात दुसऱ्यांदा काय पडतंय ते बघ.

आणि तुझ्याच गल्लीतलं पोळी-भाजी केंद्र? ते तुझ्या कुठल्याच यादीत येणार नाही, कारण तिथे फोटो काढण्यासारखं काही नाही. एक गाळा, दोन शेगड्या, पोळ्या लाटणाऱ्या तीन-चार बायका, काउंटरवर स्टीलचे डबे. संध्याकाळी सातला जाऊन बाजूला उभी राहा. निवृत्त आजोबा दोन पोळ्या आणि पाव किलो भाजी नेतात, नोकरीवरून परतलेली बाई बारा पोळ्या, परीक्षेची मुलं घडीच्या पोळ्यांवर तूप आहे का विचारतात. साडेआठला उसळ संपते आणि उशिरा आलेल्याला बटाट्याची भाजी नशिबी येते. पुण्यातली माणसं रोज संध्याकाळी काय जेवतात हे मला तिथल्या रांगेत जेवढं कळलं तेवढं कुठल्या हॉटेलात कळलं नाही.

कॅम्पात दुपारनंतर जा. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ ची. श्रुजबेरी बिस्किटांसाठी रांग लागते, पण मावा केक मागितलास तर मला जास्त आनंद होईल. पारशांचं दोराबजी तर १८७८ पासूनचं. बिर्याणी खा, धनसाक मिळालं तर तेही. मग इकडे डेक्कनला इराण्याचं गुडलक, १९३५ चं. बनमस्का चहात बुडवायचा की नाही यावर मी मत देणार नाही (बुडवायचा). तिथून फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली. ती चालवणारे जगन्नाथ शेट्टी कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून आलेले. आपल्या तीन पिढ्या इडली-डोसा आणि एसपीडीपीवर (शेव-बटाटा-दही-पुरी) तिथे वाढल्या. २०२३ मध्ये ते गेले, तेव्हा पुणेकरांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. राजस्थानी, इराणी, पारशी, शेट्टी. आपण ज्याला 'अस्सल पुणेरी' म्हणतो ते बनवायला किती गावांहून माणसं आली, ते मोज एकदा.

घड्याळापलीकडेही वेळ असते. महिन्यांची वेळ. त्यासाठी मंडई. १८८६ मध्ये 'रे मार्केट' म्हणून उघडलेली ती दगडी वास्तू आतून बघ. आता तर मेट्रोचं मंडई स्थानक आहे, गाडी लावायचं निमित्त उरलं नाही. खायला जायच्या आधी तिथे एक फेरी मार. गाळ्यावर जे ढिगानं आहे ते त्या आठवड्यात हॉटेलात चांगलं लागेल. उन्हाळ्यात आंबा मस्तानी (आइस्क्रीम घातलेलं दाट दूध), डिसेंबर-जानेवारीत शहराबाहेर हुरडा, श्रावणात वालाचं बिरडं, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी. मे महिन्यात हुरडा आणि डिसेंबरात आमरस देणारी ठिकाणं आहेत. त्यांना नमस्कार करून पुढे जायचं.

महिन्याचा हिशेब चुकला की काय होतं ते माझ्यावर गुदरलं आहे. एका जुलैत मी एका बड्या डॉक्टरांना जेवायला नेलं. ठिकाणाचं नाव घेत नाही. "पापलेट आजच आलंय, साहेब," वेटर म्हणाला आणि मी मान डोलावली. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत पुण्यात येणारं पापलेट बहुतेक बर्फातलं नाहीतर दुसऱ्या किनाऱ्यावरून प्रवास करून आलेलं. हे मला माहीत असायला हवं होतं. रात्री दोघेही आडवे. डॉक्टरांनी मला फोनवर औषध सांगितलं, तेही दुसऱ्या कंपनीचं. पुढचे दोन महिने माझ्या कंपनीची एक गोळी लिहिली नाही. तेव्हापासून पावसाळ्यात मी सुकटीवर भागवतो. आणि बारा महिने एक नियम: जिथे माल फिरतो तिथेच खायचं. गर्दीच्या वेळी सतत नवा घाणा निघणारी गाडी बरी, दुपारी चारला रिकामं पडलेलं थंडगार हॉटेल नको.

रमजानात संध्याकाळनंतर मोमिनपुऱ्यात जाऊन ये. पण रोजा सोडणाऱ्या माणसाच्या तोंडापुढे कॅमेरा धरू नकोस. रोजा सुटू दे, लोकांचं खाऊन होऊ दे, मग कबाबाच्या शेगडीपाशी जा. ऑफिसातली कोणी मैत्रीण तिथली असेल तर तिच्याबरोबर जाणं सगळ्यात उत्तम. ती तुला जिथे नेईल तिथे पाटी नसेल.

बिलाचं थोडक्यात. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के. 'सेवा शुल्क' आपोआप लावलेलं दिसलं तर काढायला सांग. ते सक्तीचं नाही, हे केंद्रीय ग्राहक प्राधिकरणानं २०२२ मध्येच बजावलंय. वाढप्याला द्यायचं ते त्याच्या हातात दे. आणि खिशात सुटे पैसे ठेव, जुन्या ठिकाणी सुटे देणाऱ्या गिऱ्हाइकाची ओळख लवकर होते.

एक वही कर. तिच्यात तारे-बिरे देऊ नकोस. तारीख, वार, किती वाजता गेलीस, पाऊस होता का, काय संपलं होतं, शेजारच्यानं काय मागवलं. आणि एका ठिकाणी तीनदा जा, तीन वेगळ्या वेळांना, मगच त्याच्याविषयी तोंड उघड. पहिल्यांदा एकटी. तू म्हणशील, हिंजवडीतून सुटता सुटता आठ वाजतात, मंगळवारी साडेबाराला कुठून जाऊ? वर्षाला रजा किती पडून राहतात तुझ्या? त्यातली अर्धी एकदा मंगळवारी घे. बँकॉकला दिलीस, बादशाहीला दे.

येत्या गुरुवारी मी मोकळा आहे. सकाळी साडेआठला मंडईच्या मेट्रो स्थानकाबाहेर ये. चार मैत्रिणी आणू नकोस, घरून पोहे खाऊन येऊ नकोस, आणि चपला चालायच्या घाल. उशीर झाला तर मी थांबणार नाही, मिसळ खाऊन घरी जाईन.

तुझा,
मामा