आईचं क्रिएटिनिन १.२ आलंय, लॅबने नॉर्मल लिहिलंय, मग गुडघ्याची पेनकिलर चालू ठेवली तर चालेल का?

माझ्या मते रोज तर नकोच, आणि १.२ बघून निर्धास्तही राहू नका. मी डॉक्टर नाही, माझं मेडिकलचं दुकान आहे, पण गुडघ्यांसाठी महिनोन्महिने गोळ्या नेणारी वयस्कर माणसं रोज बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ, किडनी तो रक्तातून गाळून बाहेर टाकते. वय झालं, अंग उतरलं की ते मुळातच कमी बनतं, त्यामुळे किडनी मंदावली तरी आकडा रेंजमध्येच दिसतो. म्हणून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज, बघायचा, बऱ्याच लॅब तो रिपोर्टवरच देतात. तुमच्या आईंचं वय ७४ आणि क्रिएटिनिन १.२ म्हणजे हल्लीच्या सूत्राने तो साधारण ४७ येतो, हेच १.२ तिशीतल्या पुरुषाला आलं असतं तर ८० च्या आसपास आला असता. ६० च्या खालचा आकडा तीन महिने टिकला तर क्रॉनिक किडनी डिसीज, म्हणजे किडनीचा दीर्घकाळचा आजार, म्हणतात, तेव्हा एका रिपोर्टवर घाबरू नका, पण परत तपासा आणि सोबत लघवीची एसीआर टेस्ट करा, प्रोटीन जातंय का ते त्यात कळतं.

आता गोळीचं. तुम्ही लिहिलंय की आई बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी होण्याची गोळी एकत्र असलेली गोळी घेतात आणि वर रोज ॲसिक्लोफेनॅक ही पेनकिलर. मला खरी काळजी याचीच वाटते. अशा पेनकिलरमुळे किडनीत रक्त आणणारी बारीक नळी आकसते, टेल्मिसार्टनने बाहेर नेणारी सैल पडते, लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी कमी होतं, म्हणजे तिन्ही मिळून गाळण्यासाठी लागणारा दाबच राहत नाही. त्यात रात्री उठायला नको म्हणून त्या दुपारनंतर पाणीच पीत नाहीत म्हणताय, अशात उन्हाळ्यात दोन दिवस जुलाब-उलट्या झाल्या की क्रिएटिनिन एकदम चढू शकतं.

बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका हो, बीपी ताब्यात राहणं किडनीसाठीच गरजेचं आहे. ज्या डॉक्टरांनी ती दिलीय त्यांना पेनकिलरचं स्पष्ट सांगा, बऱ्याचदा हाडांच्या डॉक्टरांची गोळी बीपीच्या डॉक्टरांना माहीतच नसते. पॅरासिटामॉल चालेल का, गुडघ्याला लावायचं जेल चालेल का ते विचारा, जेलमधलं औषध रक्तात फार कमी जातं. आणि दुकानात चिठ्ठीशिवाय मिळाली म्हणजे गोळी सेफ असं कृपया समजू नका.

रात्रीच्या उठण्याचं म्हणाल तर पाणी तोडू नका, हृदयाच्या डॉक्टरांनी कमी सांगितलं नसेल तर सकाळी-दुपारी जास्त आणि झोपायच्या आधी दोन तास थोडंच, असं करा. संध्याकाळी पाय सुजत असतील तर दुपारी पाय उंचावर ठेवून पडायला सांगा, कारण दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रात्री लघवीवाटे निघतं. लघवीची गोळी रात्री घेत असतील तर सकाळी घेता येईल का तेही त्याच वेळी विचारून घ्या.