उजव्या सीटवरचा विंग कमांडर

“मॅडम, 21 वर्षं हवाई दलात, फायटर उडवलं. आता 31 वर्षांच्या मुलाला ‘कॅप्टन’ म्हणत त्याच्या उजवीकडे बसायचं. मला जमेल का?”

पहिल्या भेटीत खुर्चीत टेकल्या टेकल्या आलेलं हे वाक्य, हवाई दल सोडून विमान कंपनीत जायच्या विचारात असलेल्या एका विंग कमांडरचं. कॉकपिटमध्ये डावी सीट कॅप्टनची, उजवी सहवैमानिकाची. पुण्यात समुपदेशन करायचं म्हटलं की लोहगाव, खडकवासला आणि दक्षिण कमांड आपोआप आपल्या दारात येतात, त्यामुळे हा प्रश्न मी आधीही ऐकला होता. हेलिकॉप्टरवाल्यांकडून, ए.एन.-32 उडवणाऱ्यांकडून, एकदा गोव्याच्या नौदल तळावरून आलेल्या एका अधिकाऱ्याकडून. प्रत्येकाचे शब्द वेगळे, पण काळजी एकच: वर्दी उतरवल्यावर मी कोण, आणि शून्यापासून सुरुवात करताना लाज वाटेल का? आज ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने परवानगी दिली आहे. नाव, गाव, स्क्वॉड्रन सांगत नाही, आणि काही तपशील मुद्दाम बदलले आहेत.

वय 43. सैनिकी शाळा, मग एनडीए म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, मग हैदराबादजवळच्या दुंडीगलची वायुसेना अकादमी. पुढे जॅग्वार हे लढाऊ विमान, मग बिदरला प्रशिक्षक, आणि शेवटची तीन वर्षं दिल्लीत टेबलावर. पाठ ताठ, हातात फाइल. पेन्शनसाठी लागणारी 20 वर्षांची सेवा पूर्ण झालेली. बॅचचे चौघे विमान कंपन्यांत गेलेले, त्यांच्या ग्रुपवर रोज कुठल्या तरी हॉटेलच्या खिडकीचा फोटो. घरी मुलगी दहावीत.

फाइल उत्तम होती. बहुतेक जण माझ्याकडे येतात तेव्हा कागद अर्धवट आणि मन पक्कं असतं. इथे नेमकं उलट होतं. डीजीसीएचा, म्हणजे नागरी उड्डाणाच्या नियामक संस्थेचा, परीक्षांसाठीचा कॉम्प्युटर नंबर काढलेला, रेडिओ परवान्याची तयारी सुरू, एटीपीएलला, म्हणजे विमान कंपनीच्या वैमानिकाच्या वरच्या परवान्याला, लागणाऱ्या 1500 तासांचा हिशेब लॉगबुकातून उतरवलेला. जॅग्वारला दोन इंजिनं, त्यामुळे मल्टी-इंजिनचे तासही भरपूर. परीक्षांना 70 टक्के गुण लागतात. त्याची त्यांना काळजी नव्हती.

एकाच गोष्टीवर मी थांबले. नागरी उड्डाणासाठीचं क्लास वन मेडिकल अजून झालेलं नव्हतं. “एअर फोर्सचं मेडिकल दरवर्षी देतोच की,” ते म्हणाले. म्हणाले खरे, पण नजर टेबलावर. फायटरमध्ये वर्षानुवर्षं जी-फोर्स, म्हणजे वेगाने वळताना अंगावर येणारा भार, सोसलेल्या मानेची आणि कमरेची गोष्ट मग हळूहळू निघाली. रात्री कूस बदलताना कळ येते, आणि हे घरीही सांगितलेलं नव्हतं. मी स्पष्ट सांगितलं: सेवा सोडण्याचा अर्ज नंतर, मेडिकल आधी. तो अर्ज मंजूर होईलच असं नसतं, झाला तरी महिने जातात, आणि एकदा बाहेर पडल्यावर मेडिकलमध्ये अडकलात तर ना इकडचे ना तिकडचे. हा सल्ला मी प्रत्येकाला देते आणि प्रत्येक वेळी तितक्याच कळकळीने देते, कारण हा क्रम उलटा केलेलं एक कुटुंब मी जवळून पाहिलं आहे.

पण ते मेडिकल विचारायला आले नव्हते. त्यांना सीटबद्दल बोलायचं होतं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी विमान कंपनीच्या मुलाखतीची तयारी मला करून दाखवली. क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणजे कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं वागावं याचं शास्त्र. त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे टेनेरिफ. 27 मार्च 1977, धुक्यात बुडालेली धावपट्टी, दोन जम्बो विमानांची टक्कर, 583 मृत्यू. उड्डाण सुरू केलेल्या विमानात मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरने विचारलं होतं, की समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं आहे ना? कॅप्टन कंपनीतला अतिशय ज्येष्ठ. त्याने ‘हो’ म्हटलं, आणि प्रश्न तिथेच विरला. साहेबांनी हे सगळं तळमळीने सांगितलं.

मी विचारलं, “हे सांगताना तुम्ही त्या कॉकपिटमध्ये कुठे बसलेले असता?”

बराच वेळ गेला. मग म्हणाले, “डावीकडे. नेहमी डावीकडे. कॅप्टनने काय करायला हवं होतं, हाच विचार करतो मी.”

“आणि मागच्या माणसाने?”

ते काही बोलले नाहीत. मी विषय बदलला आणि स्क्वॉड्रनमधला डीब्रीफ कसा असतो ते सांगा म्हटलं. चेहरा लगेच खुलला. उड्डाण झालं की एका खोलीत बसायचं आणि कोण कुठे चुकलं ते एकेक करत मांडायचं. तिथे हुद्दा दाराबाहेर. एकदा नुकत्याच आलेल्या फ्लाइंग ऑफिसरने, म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाने, सगळ्यांसमोर सांगितलं होतं की सर, तुमचा टर्न उशिरा झाला आणि त्यामुळे माझं अंतर तुटलं. “मग?” “मग काय, बरोबरच होतं त्याचं. मी फळ्यावर लिहिलं. संध्याकाळी त्याला म्हटलं, असाच बोलत राहा.”

“त्या मुलाला तेव्हा लाज वाटली असेल?”

“लाज? मॅडम, त्याला घाम फुटला होता. पण बोलला. म्हणून तर तो मला आवडायचा.”

इथे मी काही समजावून सांगितलं नाही. आमच्या कामात शांत बसणं अवघड असतं, त्या दिवशी ते जमलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि दोन-तीन मिनिटांनी म्हणाले, “म्हणजे मला आता तो मुलगा व्हायचं आहे.”

तिथून बोलणं बदललं. कमीपणाचा मुद्दा संपला असं नाही. विमान कंपनीत सीनिऑरिटी रुजू झालेल्या तारखेवरून ठरते, तिथे विंग कमांडर आणि बावीस वर्षांची नवी मुलगी एकाच यादीत खाली-वर असतात, हे सत्य कुणी बदलू शकत नाही. पण त्यांच्या प्रश्नाला आता आकार आला. उजवीकडे बसणं हा मान-अपमानाचा विषय राहिला नाही. तिथे बसून काय करायचं असतं, हे शिकायचं काम झालं. एक गंमतीची गोष्ट त्यांनीच शोधून आणली. फायटरमध्ये उजवा हात स्टिकवर, म्हणजे विमान वळवायच्या दांड्यावर, आणि डावा थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर ठरवणाऱ्या दांड्यावर. एअरबस 320 मध्ये उजव्या सीटवर बसलं की साइडस्टिक उजव्या हाताला येते आणि थ्रस्ट लिव्हर डाव्या हाताला, अगदी तसंच. कॅप्टनच्या सीटवर मात्र उलटं. “माझे हात तिथलेच आहेत,” असं म्हणताना ते पहिल्यांदा मोकळे हसले.

पत्नीला मी वेगळं भेटले. अशा निर्णयात घरच्यांना एकत्र बसवलं तर सगळे एकमेकांना धीर देत राहतात आणि खरं कुणी बोलत नाही. त्या आल्या त्याच शांतपणे, नवऱ्यासारख्याच ताठ. “हे पगारासाठी करताहेत, आमच्यासाठी. आम्ही मागितलेलं नाही,” म्हणाल्या. मग जे बोलल्या ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते. “हवाई दलाच्या स्टेशनवर असताना हे नसायचे तेव्हा शेजारच्या घरातही कुणी नसायचं. सगळ्याजणी सारख्याच. आता सोसायटीत राहायचं. सकाळी सगळ्यांचे नवरे ऑफिसला जाणार आणि माझा पहाटे तीनच्या गाडीने. दिवाळीला एकटी मीच.” विमान कंपनीचा रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, कसा असतो, वर्षाला 1000 तासांची उड्डाणमर्यादा म्हणजे घरी किती दिवस, साप्ताहिक विश्रांतीचे तास कसे मोजतात, हे त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं. मी एका वैमानिकाच्या पत्नीशी त्यांची गाठ घालून दिली. माझ्या तीन भेटींपेक्षा ती एक दुपार जास्त उपयोगी पडली, असं मला मनापासून वाटतं.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण हे विचारणारे वाचक बरेच असतात. सेवा सोडणं आणि विमान कंपनीचा पहिला पगार यांत महिने जातात. टाइप रेटिंगला, म्हणजे एका ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाला, लाखो रुपये लागतात आणि बहुधा ते आपल्याच खिशातून. सैन्यदलात पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग एकरकमी विकता येतो आणि विकलेला भाग 15 वर्षांनी पुन्हा सुरू होतो. ती रक्कम हातात येते तेव्हा फ्लॅट, गाडी, ट्रेनिंग असं सगळं एकदम दिसायला लागतं. साहेबांना मी वर्षभराचा घरखर्च बाजूला काढायला लावला, आणि मुलीचं दहावीचं वर्ष पूर्ण होईपर्यंत घर न हलवण्याचं दोघांनी ठरवलं. विमान कंपनीत 65 व्या वर्षापर्यंत उडता येतं. म्हणजे हातात 20 वर्षांहून जास्त होती. काही महिन्यांची घाई करण्यासारखं काहीच नव्हतं.

मेडिकल झालं, फिट ठरले. कमरेसाठी फिजिओथेरपी सुरू झाली, आणि ती घरी सांगून. टेबलावरच्या तीन वर्षांत हात सुटलेला, म्हणून एका फ्लाइंग स्कूलमध्ये छोट्या दोन इंजिनांच्या विमानावर तपासणी द्यावी लागली. प्रशिक्षक सव्वीसचा. त्याबद्दल त्यांनी मला एका ओळीचा मेसेज केला: “मुलगा चांगला शिकवतो.”

खरी ठेच टाइप रेटिंगच्या सिम्युलेटरमध्ये लागली. टेकऑफनंतर इंजिन बंद पडण्याचा सराव. एअरबसमध्ये अशा वेळी विमान सांभाळायचं, चाकं वर घ्यायची, पण बिघाडाच्या कारवाईला किमान 400 फूट उंची येईपर्यंत हात लावायचा नाही. मग दोघांनी मिळून, मोठ्याने बोलून, एकेक पायरी खात्री करत पुढे जायचं. एकट्याच्या कॉकपिटमध्ये वाढलेल्या माणसाला हे ऐकायला सोपं आणि करायला भयंकर कठीण. त्यांचा हात आधीच गेला. सगळं अचूक केलं, विजेसारखं केलं, आणि शेजारच्याला एक शब्द सांगितला नाही. प्रशिक्षक म्हणाला, “सर, तुम्ही काय करताय ते फक्त तुम्हाला माहीत होतं.” सत्र पुन्हा करायला लावलं.

त्या रात्री फोन आला. आवाज पडलेला. “21 वर्षं ज्या वेगासाठी शाबासकी मिळाली, तोच वेग आज चूक ठरला.” मी धीराचे शब्द शोधले नाहीत, कारण ते जे म्हणत होते ते खरं होतं. जे कौशल्य माणसाने जिवावर उदार होऊन कमावलेलं असतं, त्याला मुरड घालणं हा एक प्रकारचा शोक असतो, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. मी इतकंच विचारलं की उद्या डीब्रीफमध्ये फळ्यावर काय लिहाल? थोड्या वेळाने उत्तर आलं: “हात मांडीवर. तोंड उघडं.” पुढचे दहा दिवस ते घरी जेवणाच्या टेबलाशी पत्नीला शेजारी बसवून चेकलिस्टचा सराव करत होते. यांनी पायरी म्हणायची, पत्नीने ‘कन्फर्म’ म्हणायचं. मुलीला ते सगळं पाठ झालं.

आता ते उडताहेत, उजवीकडून. पावसाळ्यात मुंबईला उतरताना एकदा विमान नीट स्थिर झालेलं नव्हतं, तेव्हा त्यांनी ‘गो-अराउंड’ म्हटलं आणि एकतिशीच्या कॅप्टनने तत्क्षणी विमान वर घेतलं. जमिनीवर आल्यावर त्या मुलाने त्यांना चहा पाजला. हे सांगताना त्यांच्या आवाजात जे होतं ते मी जॅग्वारबद्दल बोलतानाही ऐकलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. लोहगावची धावपट्टी हवाई दलाचीच आहे, प्रवासी विमानंही तिथेच उतरतात. पुण्याच्या फेरीला ते खिडकीतून सुखोई उभी असलेली बाजू बघत नाहीत. स्क्वॉड्रनच्या मेळाव्याचं निमंत्रण दोनदा आलं, दोनदा रोस्टरचं कारण दिलं. रोस्टर दोन्ही वेळा मोकळा होता, हे त्यांनीच मला सांगितलं. तिथे लोक त्यांना अजून त्यांच्या जुन्या कॉलसाइनने, म्हणजे उडतानाच्या टोपणनावाने, हाक मारतील, आणि ती ऐकायची तयारी नाही. पुढच्या महिन्यात 14 तारखेला सुट्टी आहे, तेव्हा ते येणार आहेत, आम्ही त्यावर बोलणार आहोत. पत्नीलाही या वेळी सोबत यायचं आहे.