मी जानेवारीत लक्षद्वीपला जाणार आहे. तिथे स्नॉर्केलिंग करताना कासवे आणि शार्क खरोखर दिसतात का? बेताचेच पोहता येणाऱ्याने त्यांना घाबरावे का?

कासवे जवळजवळ हमखास दिसतात, शार्क नशिबात असेल तर दिसतो, आणि दोघांपैकी कोणीही आपण होऊन माणसाच्या वाटेला जात नाही. अगत्ती आणि कदमत या बेटांवर मी मिळून तीन वेळा गेलो आहे. माझे पोहणेही गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेले, म्हणजे बेताचेच आहे. त्यामुळे आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

लक्षद्वीपची बहुतेक बेटे प्रवाळाच्या कंकणाकृती कड्यावर वसलेली आहेत. जमिनीची चिंचोळी पट्टी साधारणपणे पूर्वेच्या अंगाला असते आणि तिच्या पश्चिमेला लगून, म्हणजे कड्याच्या आतले उथळ, शांत पाणी, पसरलेले असते. मोठ्या लाटा बाहेरच्या कड्यावर फुटतात, त्यामुळे आत छातीभर पाण्यात तळाची वाळू स्वच्छ दिसते. ज्यांनी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग केले आहे, त्यांना हा फरक पहिल्याच मिनिटात कळतो. तिथे पाणी निवळ असले तरी नजर फार लांब पोहोचत नाही.

मी पहिले कासव पाहिले ते अगत्तीला, जेमतेम पुरुषभर पाण्यात. हिरवे कासव होते, पाठ तीन फुटांच्या आसपास, आणि ते गायीसारखे समुद्री गवत चरत होते. मान किंचित वळवायची, पात्यांचा झुबका चोचीत धरायचा, तोडायचा आणि पुढे सरकायचे, असा त्याचा संथ क्रम चालला होता; एक पाते तोंडाच्या कडेला बराच वेळ लोंबत राहिले होते. मी हातपाय न हलवता तरंगत राहिलो, तेव्हा त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि चरणे चालू ठेवले. थोड्या वेळाने ते वर आले, माझ्यापासून दोन हातांवर डोके बाहेर काढून त्याने मोठा फुत्कार टाकला आणि पुन्हा खाली गेले. त्याच वेळी आमच्यातला एकजण फोटोसाठी वरून सूर मारून आला, आणि कासव दोन फटकाऱ्यांत दिसेनासे झाले. श्वासासाठी वर येणाऱ्या कासवाची वाट कधी अडवू नये. तेवढे पाळले तर पाठलाग करण्याची गरजच पडत नाही. अगत्तीच्या लगूनमध्ये एके काळी कासवे इतकी वाढली, की त्यांनी गवताची कुरणे अक्षरशः फस्त केली, आणि मासळी त्यांच्यामुळेच घटली अशी तिथल्या मच्छीमारांची तक्रार होती. आपण ज्याच्या दर्शनासाठी पैसे मोजतो, त्यावर स्थानिक माणूस वैतागलेला असू शकतो, हे मला तिथेच समजले.

उथळ पाण्यात दिसणारा शार्क बहुधा काळ्या टोकाच्या पंखाचा रीफ शार्क असतो. आपल्याकडे बाजारात टोपलीत दिसणाऱ्या मुशीचाच हा नातेवाईक, आणि अत्यंत भित्रा. मास्कच्या सपाट काचेतून पाण्यातली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी आणि शिवाय जवळ भासते, त्यामुळे चार फुटांचा शार्क सव्वापाच फुटांचा वाटतो; परत आल्यावर सांगितल्या जाणाऱ्या निम्म्या गोष्टींचे मूळ यात असावे. मी पाहिलेला शार्क पाच-सहा सेकंद दिसला आणि मी नीट घाबरण्याआधीच निघून गेला.

माझ्या मते या दोघांपेक्षा पोपटमासा अधिक करमणूक करतो. कान पाण्याखाली गेले की आजूबाजूला सतत कुरकुर, कडकड असा आवाज येतो. त्यातला काही या माशांनी चोचीने प्रवाळाचा खडक खरवडल्याचा असतो. पाच मिनिटे मागे राहिलात, तर त्याच खडकाचे पीठ झालेली वाळू त्याच्या शेपटीखालून धुरासारखी सांडताना दिसेल. किनाऱ्यावरच्या ज्या पांढऱ्या वाळूचे आपण कौतुक करतो, तिच्यात या वाळूचाही मोठा वाटा असतो. मात्र जाहिरातीतल्यासारखे रंगीत प्रवाळ सर्वत्र मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापल्यामुळे येथील बरेच प्रवाळ पांढरे पडून मेले, आणि काही भागांत अजूनही मोडक्या फांद्यांचा सडाच दिसतो.

आता भीतीविषयी. विणीच्या काळात टायटन ट्रिगरफिश हा दोन-अडीच फुटांपर्यंत वाढणारा मासा आपल्या घरट्यावर येणाऱ्याला खरोखर चावतो. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंदावत जाते, म्हणून वर न जाता आडवे बाजूला निघून जावे. दगडमासा तर हुबेहूब दगडासारखा पडून असतो आणि त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात. यावर उपाय एकच, तळाला पाय टेकायचा नाही. मी टेकला होता. कदमतला मास्कमध्ये पाणी शिरल्यावर मी घाबरून उभा राहिलो, आणि नेमका तिथे लांब काळ्या काट्यांचा सी अर्चिन, म्हणजे तळाशी राहणारा गोळ्यासारखा काटेरी प्राणी, होता. टाचेत सात काटे मोडले. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवल्यावर ठणका कमी झाला, पण काळे ठिपके महिनाभर राहिले. मास्कमध्ये पाणी शिरल्यास मान थोडी वर करून, काचेची वरची कड दाबून, नाकातून जोरात हवा सोडली की ते निघून जाते. हा सराव गुडघाभर पाण्यात आधी करून ठेवावा.

सर्वांत मोठा धोका मात्र प्राण्यांचा नाही. प्रवाळाच्या कड्याला जिथे खिंडार असते, तिथून ओहोटीच्या वेळी लगूनमधले पाणी बाहेर खेचले जाते, आणि बेताच्या पोहणाऱ्याला त्या ओढीविरुद्ध परत येता येत नाही. त्यामुळे लाइफ जॅकेट काढू नका, आणि होडीवाल्याला पहिला प्रश्न ओहोटी किती वाजता सुरू होते हा विचारा. एका सफरीत आमच्या वाटाड्याने मासे जमावेत म्हणून पाव कुस्करून टाकला; मासे जमले, पण एकमेकांना ढुसण्या देणारी ती झुंबड पाहून कुरणात चरणाऱ्या कासवाची सर तिला नव्हती. आपल्याला कोणी पाव देऊ केला तर नको म्हणावे.

आपण जानेवारीत जाणार असे लिहिले आहे, तो काळ उत्तम आहे. प्रवेश परवान्याचा अर्ज मात्र लवकर करावा, आणि अंगात पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. पालथे तरंगताना पाठ किती भाजते हे रात्री झोपताना कळते.