डिस्टिंक्ट म्हणजे ‘जास्त डिफरंट’ नव्हे

डिफरंट, डिस्टिंक्ट, डायव्हर्स आणि डिस्परेट या इंग्रजी विशेषणांपैकी कुठलं कधी वापरायचं, असा प्रश्न आहे. डिफरंट सगळ्यांना येतं. डायव्हर्स शक्यतो समूहाला लावावं: संघ डायव्हर्स असतो, त्यातला एकटा खेळाडू नाही. पुढे जाऊ.

चीड येते ती डिस्टिंक्टला डिफरंटचा भारदस्त पर्याय समजणाऱ्यांची. ‘माय ओपिनियन इज डिस्टिंक्ट फ्रॉम युअर्स’ असं सर्रास लिहितात आणि म्हणायचं असतं फक्त ‘माझं मत वेगळं आहे’. तिथे डिफरंटच हवं. डिफरंटला गुणांत फरक लागतो. डिस्टिंक्टला दोन गोष्टी दोन म्हणून मोजता आल्या की पुरे. एकाच साच्यातली दोन नवी नाणी डिस्टिंक्ट असतात, डिफरंट नसतात. गणितातही तेच: क्ष² − ५क्ष + ६ = ० ची मुळं २ आणि ३, म्हणून डिस्टिंक्ट; क्ष² − ४क्ष + ४ = ० मध्ये २ हेच मूळ दोनदा येतं, म्हणून नाहीत.

आता खरी गंमत. डिस्टिंक्ट आलं लॅटिन ‘डिस्टिंग्वेरे’वरून. त्यातलं ‘डिस्’ म्हणजे अलग, आणि उरलेल्या भागात टोचण्याचा अर्थ आहे. टोचून खूण करायची आणि वेगळं काढायचं! ग्रीक ‘स्टिग्मा’, म्हणजे टोचून केलेली खूण, याच कुळातला. आणि संस्कृत ‘तिज्’, धार लावणे, हा धातूही. म्हणजे आपले तेज आणि तीक्ष्ण हे डिस्टिंक्टचे सगेसोयरे! माझं ठाम मत आहे की ते टोक या शब्दात अजून शाबूत आहे. ‘अ डिस्टिंक्ट स्मेल’ म्हणजे वेगळा वास नव्हे. नाकाला नेमका टोचणारा, चुकूनही न चुकणारा वास. ‘अ डिस्टिंक्ट पॉसिबिलिटी’ म्हणजे डोळ्याआड करता येणार नाही अशी शक्यता. तिथे डिफरंट घालून बघा, अर्थच पालटतो. विद्यार्थ्यांच्या शब्दकोशांत हे दोन शब्द बिनदिक्कत समानार्थी म्हणून छापतात, ते साफ चूक आहे.

डिस्परेटचं मूळ ‘पार’, म्हणजे समान, असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. नाही! तो ‘डिस्पारारे’, वेगळं करणे, यातून आला. सेपरेटचा सख्खा भाऊ. असमान या अर्थाच्या ‘डिस्पार’ची त्याच्यावर छाया पडली, इतकंच. एका मापाने मोजताच येत नाहीत अशा गोष्टींसाठी तो राखून ठेवावा. आणि कृपा करून त्याचा उच्चार डेस्परेट करू नका. त्या शब्दात ‘स्पेरारे’, आशा करणे, आहे. याच्याशी त्याचं काडीचंही नातं नाही.